व्यावसायिक मेळाव्यात अनोळखी माणसांशी बोलणे कसे सुरू करावे आणि ती ओळख पुढे कशी टिकवावी?

तापमापक (अंधेरी)

नमस्कार. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत माझे कॅलिब्रेशनचे छोटे काम आहे. मी आणि तीन तंत्रज्ञ मिळून कारखान्यांतले आणि प्रयोगशाळांतले तापमापक, दाबमापक आणि वजनकाटे तपासून त्यांची प्रमाणपत्रे देतो. गेली ९ वर्षे हे काम जुन्या ग्राहकांच्या भरवशावर चालले, त्यामुळे नवी माणसे जोडण्याची गरज कधी भासली नाही. यंदा मात्र आमचे जवळजवळ एक तृतीयांश काम ज्यांच्याकडून येत होते, तो कारखाना गुजरातेत हलला आणि नव्या ग्राहकांच्या शोधात मला बाहेर पडावे लागले.

चार महिन्यांत मी गोरेगावच्या प्रदर्शनाला दोनदा, दादरला उद्योजकांच्या मासिक बैठकीला तीनदा आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका हॉटेलात संध्याकाळच्या मेळाव्याला एकदा गेले. अनुभव सगळीकडे सारखाच आला. आत शिरावे तर माणसे आधीच घोळके करून उभी असतात, मी चहाचा कप घेऊन भिंतीपाशी थांबते, आणि कोणी आपणहून येऊन ‘आपण काय करता?’ असे विचारले की मी ‘कॅलिब्रेशन’ म्हणते. समोरची व्यक्ती ‘अच्छा’ म्हणून मान हलवते आणि तेथेच बोलणे संपते. गेल्या महिन्यात मी १९ व्हिजिटिंग कार्डे घेऊन घरी आले आणि त्यांतल्या एकालाही फोन केला नाही, कारण फोन करून काय सांगायचे तेच सुचले नाही.

घरच्या लग्नात किंवा हळदीकुंकवाला मी मोकळेपणाने बोलते, म्हणजे माझा स्वभाव अबोल नाही. तरीही कामाचे माणूस समोर आले की आपण त्याचा वेळ घेत आहोत, त्याला कंटाळा आला असेल, असे मनात येत राहते. घोळक्यात शिरायचे कसे, कामाविषयी सांगायचे कसे, आणि नंतर ओळख टिकवायची कशी, याविषयी ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना एमआर (ठाणे)

ताई, मी ३१ वर्षे औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी म्हणून काम केले. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर तासभर थांबून आत दोन मिनिटे मिळण्याची सवय असल्यामुळे थोड्या वेळात काय बोलावे यावर मी पुष्कळ विचार केला आहे, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट तुमच्या उत्तराची. ‘कॅलिब्रेशन’ हा शब्द ज्याला कळतो त्याला तुमची ओळख करून देण्याची गरज नाही, आणि ज्याला कळत नाही त्याच्यापुढे तुम्ही बंद दार उभे करता. त्याऐवजी एक चित्र द्या. उदाहरणार्थ, ‘लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. समजा, शीतकपाटावर ५ हा आकडा दिसतो आहे आणि आत प्रत्यक्षात १० अंश आहेत, तर ते कोणाला कळणार? तो आकडा खरा आहे की नाही, हे आम्ही तपासतो.’ एवढे बोलायला वीस सेकंद लागतात. ऐकणाऱ्याच्या घरात फ्रिज असतो, त्याच्या ओळखीत कोणाचे तरी औषधांचे दुकान, दवाखाना किंवा शीतगृह असते, आणि तो आपणहून पुढचा प्रश्न विचारतो. औषध कंपनीतल्या माणसापुढे शीतकपाटाऐवजी ऑटोक्लेव्हचे, म्हणजे १२१ अंशांच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचे उदाहरण घ्यावे. अशी दोन-तीन चित्रे तयार ठेवा आणि समोर कोण आहे ते पाहून त्यांतले एक काढा.

दुसरी गोष्ट वेळेची. आपण नेमके मेळावा भरल्यावर पोहोचतो आणि मग घोळके फोडणे अवघड जाते. वीस मिनिटे आधी जा. त्या वेळी नोंदणीच्या टेबलापाशी जे चार-पाच जण असतात तेही एकटेच असतात, आणि पहिल्या घोळक्याची सुरुवात तुमच्यापासून होते. उशीर झालाच तर उभ्या माणसांच्या पायांकडे पाहा. दोघे जण एकमेकांच्या अगदी समोरासमोर उभे असतील तर त्यांचे खासगी बोलणे चालू आहे असे समजावे आणि तेथे जाऊ नये. पाय थोडे बाहेर वळलेले असतील, तिघांच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी असेल, तर तेथे जाऊन दोन मिनिटे नुसते ऐकावे आणि जे चालले आहे त्यावरच एखादा प्रश्न विचारावा. आपला परिचय त्यानंतर द्यावा.

प्रश्नाविषयी आवर्जून सांगतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ साली संभाषणांचा अभ्यास करून असे दाखवले होते की अधिक प्रश्न विचारणारी व्यक्ती समोरच्याला अधिक आवडते, आणि त्यातही त्याच्या उत्तराला धरून विचारलेल्या पुढच्या प्रश्नाचा प्रभाव विशेष असतो. आमच्या धंद्यात हे आम्ही ठेचा खाऊन शिकलो. डॉक्टर म्हणाले, ‘आज फार गर्दी आहे’, आणि आपण लगेच गोळीची माहिती सुरू केली, तर ती भेट वाया गेलीच म्हणून समजावे. ‘ताप-खोकल्याचेच रुग्ण वाढले आहेत का?’ एवढे विचारले तर तेच डॉक्टर पाच मिनिटे बोलत.

मेजवानी (दादर)

मी कंपन्यांच्या कार्यक्रमांना जेवण पुरवते. त्यामुळे १४ वर्षे अशा मेळाव्यांत टेबलामागे उभी राहून माणसांना बोलताना पाहिले आहे. दादांनी लिहिलेले बहुतेक मला पटते, फक्त एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. परिचयाची वाक्ये तयार असावीत, परंतु पाठ नसावीत. पाठ केलेले बोलणे ऐकू येते. समोरच्याची नजर प्लेटकडे वळते ती नेमकी त्याच क्षणी, आणि हे मी शेकडो वेळा पाहिले आहे.

आपल्याकडे आडनाव कळताच ‘आपण मूळचे कुठले?’ असे विचारण्याची पद्धत आहे. दोघेही कोकणातले निघाले तर गप्पा खुलतात हे खरे. परंतु या प्रश्नाआडून आपली जात चाचपली जाते, असा अनुभव ज्याने घेतला आहे तो त्या क्षणी मिटतो, आणि पुढे कितीही गोड बोललात तरी तो उघडत नाही. म्हणून अनोळखी माणसाला हा प्रश्न मी कधीही विचारत नाही. मुंबईत त्याहून सोपा प्रश्न हाताशी असतो: ‘आज येथपर्यंत कसे आलात?’ पश्चिम रेल्वेने आलेला, हार्बरने आलेला, मेट्रोने आलेला किंवा पूर्व द्रुतगती मार्गावर अडकलेला, प्रत्येकाकडे याचे उत्तर असते. त्यातून तो कोठे राहतो, कारखाना कोणत्या भागात आहे, हे तो स्वतःच सांगतो. ‘तळोज्याहून आलो’ असे कोणी म्हटले की, तेथे औद्योगिक वसाहत असल्यामुळे, तुमच्या कामाचा धागा तेथेच सापडला.

भाषेची अडचण तुम्ही लिहिली नाही, पण ती असते. हॉटेलातल्या मेळाव्यात सगळे इंग्रजीत सुरू होते आणि आपले अर्धे लक्ष व्याकरणाकडे राहते. समोरची व्यक्ती मराठी असल्याचे लक्षात आले तर ‘मराठीत बोलू या का?’ असे सरळ विचारावे. बहुतेकांचा चेहरा त्या प्रश्नाने सैल होतो. त्याच वेळी मराठी न येणारी तिसरी व्यक्ती आली तर तिच्यासाठी लगेच हिंदीवर यावे, नाहीतर ती पाहुणी परकी ठरते.

आणि तुम्ही बाई आहात म्हणून हेही लिहिते. ‘मिस्टर काय करतात?’ हा प्रश्न येईल. राग येणे स्वाभाविक आहे, पण ‘हे काम माझेच आहे, तुमच्याकडे मापनाची उपकरणे कोण तपासते?’ असे म्हणून बोलणे कामावर आणावे. कार्डावर स्वतःचा खासगी क्रमांक छापू नये, कार्यालयाचा वेगळा क्रमांक ठेवावा. रात्री अकरा वाजता येणाऱ्या संदेशांपासून सुटका होते.

बोलणे संपवण्याचीही एक रीत असते. ‘जरा फोन करून येते’ असे खोटे सांगून निघू नका, कारण पुढच्या अर्ध्या तासात ती व्यक्ती तुम्हाला दुसऱ्याशी बोलताना पाहणारच असते. ‘तुमच्याशी बोलून बरे वाटले. आज आणखी दोघांना भेटायचे आहे, मी उद्या तुम्हाला ती माहिती पाठवते’ असे म्हणून नमस्कार करावा.

कलिना

मी समाजशास्त्र शिकवते. वरच्या दोन्ही उत्तरांत नव्या माणसांचा विचार आहे, आणि मला वाटते की तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर जुन्या माणसांत आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक निबंध आमच्या विषयात फार महत्त्वाचा मानला जातो. बोस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारले की ज्या व्यक्तीकडून नोकरीची माहिती मिळाली, तिची आणि तुमची गाठ त्या काळात किती वेळा पडत होती. वारंवार भेटणारे जेमतेम १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के होते आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. कारण उघड आहे. रोज भेटणाऱ्याला जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते, तर दूरचा परिचित आपण जेथे नाही अशा वर्तुळातून बातमी आणतो.

आता तुमच्याकडे पाहा. नऊ वर्षांत तुमची प्रमाणपत्रे ज्यांनी स्वीकारली, ते गुणवत्ता विभागातले अधिकारी आज कोठे आहेत? औषध आणि अन्नप्रक्रिया उद्योगांत ही मंडळी नोकऱ्या बदलतात. एक तळोज्याला असेल, एक तारापूरला, एक अंबरनाथला. त्यांनी तुमचे काम पाहिलेले आहे, म्हणजे जो विश्वास मेळाव्यात शून्यापासून निर्माण करावा लागतो तो त्यांच्याकडे आधीच आहे. पहिला फोन त्यांना करा, आणि त्या फोनवर काम मागू नका. नव्या ठिकाणी कसे चालले आहे ते विचारा, आणि तुमचे सध्या काय चालले आहे ते सांगा.

‘त्याला कंटाळा आला असेल’ या शंकेविषयीही लिहिते. २०१८ साली मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांच्या गप्पांनंतर दोघांनाही स्वतंत्रपणे विचारले. आपण समोरच्याला जितके आवडलो असे लोकांना वाटत होते, त्यापेक्षा प्रत्यक्षात ते अधिक आवडले होते. म्हणजे भिंतीपाशी उभे असताना तुमच्या मनात जे येते, ते समोरच्याच्याही मनात स्वतःविषयी येत असण्याची शक्यता मोठी आहे.

तापमापक (अंधेरी)

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काही करून पाहिल्याशिवाय आभार मानणे मला योग्य वाटले नाही.

दादरच्या बैठकीला या वेळी वीस मिनिटे आधी गेले. खुर्च्या मांडल्या जात होत्या. एक गृहस्थ कोपऱ्यात एकटे उभे होते, त्यांना ‘कसे आलात?’ विचारले तर ते भिवंडीहून आले होते आणि त्यांचे आइस्क्रीमचे शीतगृह निघाले. मी शीतकपाटाचे उदाहरण दिले. मग ‘तुमच्या खोलीत तापमापक कोठे लावला आहे?’ असे विचारले आणि ते दहा मिनिटे बोलत राहिले. दाराजवळ आणि मागच्या भिंतीशी तापमान वेगळे का असते यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एक पान लिहून पाठवले. काम अजून आलेले नाही, मात्र त्यांनी ते पान आपल्या देखभाल अधिकाऱ्याला दिल्याचे कळवले. त्या दिवशी मी फक्त चौघांशी बोलले आणि चौघांचेही बोलणे आज मला आठवते.

जुन्या ओळखीच्या सहा जणांना फोन केले. दोघांनी उचलला नाही, तिघे मनापासून बोलले आणि तारापूरच्या एका ताईंनी दरपत्रक मागवले. त्यांच्याशी शेवटचे बोलणे २०१९ साली झाले होते.

एक अडचण शिल्लक आहे. बैठकीत प्रत्येकाला सगळ्यांसमोर उभे राहून एक मिनिट बोलावे लागते आणि तेथे माझा घसा कोरडा पडतो. दोघांत जे सहज जमते ते चाळीस जणांत जमत नाही. यावर काही सराव आहे का?

जुना एमआर (ठाणे)

आहे. चारचौघांत भाषण करण्याचा सराव देणाऱ्या टोस्टमास्टर्स या संस्थेचे क्लब मुंबईत अनेक ठिकाणी भरतात. ही संस्था राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू केली. त्यांच्या सभेत ‘टेबल टॉपिक्स’ नावाचा भाग असतो, त्यात आयत्या वेळी विषय दिला जातो आणि एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. तुम्हाला नेमका तेवढाच सराव हवा आहे. कोणी किती वेळा ‘अं’, ‘म्हणजे’ म्हटले याची मोजणी करणारा एक सभासदही नेमलेला असतो. आधी पाहुणे म्हणून जाऊन पाहता येते. व्यावसायिक ओळखींच्या गटांशी याची गल्लत करू नका. बीएनआयसारख्या गटात एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात आणि एकमेकांना काम मिळवून देणे हाच हेतू असतो, तर माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब मराठी उद्योजकांसाठी आहे. तुमचा घसा मोकळा झाला की तेथे जाण्याचा विचार करा.

एक राहून गेले होते. आम्ही दिवसअखेर रोजचा अहवाल भरत असू, आणि कोणत्या डॉक्टरांना काय देण्याचे कबूल केले ते त्यात लिहून ठेवत असू. परतीच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर प्रत्येक कार्डाच्या मागे तारीख, त्या व्यक्तीने सांगितलेली एक गोष्ट आणि तुम्ही कबूल केलेली एक गोष्ट लिहा. उभे राहावे लागले तर स्वतःलाच फोनवर बोलून ठेवा, पण घरी पोहोचण्याआधी ठेवा. आणि ती १९ कार्डे अजून जपली असतील तर टाकून देऊ नका. ज्यांचा चेहरा आठवतो त्यांना ‘अमुक ठिकाणी भेटलो होतो, तेव्हा माझे काम नीट सांगता आले नव्हते’ असे लिहून ते शीतगृहाचे पान पाठवा.