लहान मुलाचा इसब आणि मलमाची भीती

प्रश्न – देवगडहून एक आई

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तो सहा महिन्यांचा असल्यापासून कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या लवणीत त्याला इसब येतो. पावसाळा लागला की रात्री तो इतका खाजवतो की चादरीवर रक्ताचे ठिपके पडतात. यंदा पापण्यांवरही चट्टे उठले. त्वचारोगतज्ज्ञांनी हातापायांसाठी मोमेटासोन हे स्टेरॉइडचे मलम सात दिवस आणि पापण्यांसाठी ०.०३ टक्के टॅक्रोलिमस लिहून दिले. स्टेरॉइडने रोग आत दडपला जातो, असे सासूबाईंचे मत असून त्यांनी उन्हाळ्यापासून मुलाचा बांगडाही बंद केला आहे. मी मोहरीएवढे मलम तीन दिवस लावले, लाली गेली म्हणून थांबले, आणि आठवड्यात सगळे परत आले. टॅक्रोलिमसच्या पत्रकात कर्करोगाचा उल्लेख वाचल्यामुळे ती ट्यूब मी उघडलेलीच नाही. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर – चिपळूणचे एक औषधविक्रेते

ताई, मोहरी हे माप नव्हे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. म्हणजे १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये तीसच रेघा निघतात. लाली गेली तरी आतला दाह शमलेला नसतो, म्हणून सांगितलेले दिवस पुरे करावेत.

स्टेरॉइडने त्वचा पातळ होते हे खोटे नाही, पण ते तीव्र स्टेरॉइड महिनोन्महिने लावत राहिल्याने. पापणीची त्वचा मुळातच नाजूक, म्हणून तर तिथे तुम्हाला स्टेरॉइड नसलेले टॅक्रोलिमस दिले आहे. कर्करोगाचा तो इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००६ मध्ये छापायला लावला, आणि त्याचा आधार मुख्यतः प्राण्यांवरचे प्रयोग व मोजक्या रुग्णांच्या नोंदी हा होता. पुढे हे मलम वापरणाऱ्या हजारो मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले, तेव्हा तसा वाढीव धोका आढळला नाही.

मला भीती वाटते ती वेगळ्याच ट्यूबची. पावसात इकडे घरोघरी नायटा होतो आणि क्लोबेटासोल, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असलेले मलम लोक नाव घेऊन मागतात. क्लोबेटासोल हे सर्वांत तीव्र स्टेरॉइडांपैकी आहे. २०१८ मध्ये स्टेरॉइडच्या मलमांना चिठ्ठीची सक्ती झाली, तरी मागणारे थांबलेले नाहीत. घरात कोणाची अशी ट्यूब असेल, तर ती मुलाला चुकूनही लावू नका.

उत्तर – मालवणहून एक आई

टॅक्रोलिमस पहिले काही दिवस झोंबते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. मुलगी रडली आणि मी घाबरून ते धुऊन टाकले. नंतर ट्यूब फ्रिजमध्ये ठेवून, त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावरच लावू लागले, तेव्हा आठवड्याभरात झोंबणे थांबले. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात उरकते, पंच्याने अंग न घासता टिपते आणि लगेच पेट्रोलियम जेली लावते. मात्र आपल्या दमट हवेत दिवसा तिच्याखाली घाम साचून खाज वाढते, म्हणून दिवसा हलके, बिनवासाचे लोशन. चट्टे गेल्यापासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून नेहमीच्या जागांवर आठवड्यातून दोनदा मलम चालू आहे. मासे खाऊन दर वेळी त्रास होतो असे दिसलेले नसेल, तर वाढत्या मुलाचे मासे तोडू नयेत. एक मात्र ध्यानात ठेवा: चट्ट्यांवर एकाएकी दुखरे फोड आले आणि ताप चढला, तर मलमाने बरे होईल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

देवगडहून आई, पुन्हा

काल रात्री रेघ मोजून लावली. कोपर आणि गुडघे मिळून दोन रेघा लागल्या. आजवर मी त्याचा दहावा हिस्साही लावत नव्हते. टॅक्रोलिमसची ट्यूब फ्रिजमध्ये ठेवली आहे, आज संध्याकाळी उघडेन. बांगड्याचा वाद मात्र श्रावण असल्यामुळे आपोआपच पुढे गेला आहे.