एका मेकॅनिक्सपायी वर्ष वाया: इयर डाउनचा नियम ठेवावा का?

सेमीकोलन:

निकाल लागले की दरवर्षी ‘कॅरी ऑन द्या’, म्हणजे विषय राहिले तरी पुढच्या वर्षाला बसू द्या, म्हणून मुलं आंदोलनाला बसतात, आपण दोन दिवस हळहळतो आणि विसरतो. म्हणून हा धागा मुद्दाम निकालाची धूळ बसल्यावर काढतोय.

ज्यांचा इंजिनिअरिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात. उदाहरण पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नचं घेतो. पहिल्या वर्षाची ४४ क्रेडिट, विषय सुटला की त्याची खात्यात जमा होतात. निम्मी म्हणजे २२ मिळाली की पोरगं दुसऱ्या वर्षाला जातं, राहिलेले विषय मागून ओढत न्यायचे. ही एटीकेटी. तिसऱ्या वर्षाला जाताना मात्र पहिल्या वर्षाचा एकही विषय मागे चालत नाही, शिवाय दुसऱ्या वर्षाची निम्मी क्रेडिट खिशात हवीत. नसली की वायडी, म्हणजे इयर डाउन. वर्षभर घरी बसा.

माझ्या ओळखीत एक मुलगा आहे. कुठल्या कॉलेजचा, कुठल्या विद्यापीठाचा ते सोडा. कॉम्प्युटर शाखा. दुसऱ्या वर्षाचे डेटा स्ट्रक्चर, ऑब्जेक्ट ओरिएंटेड, सगळे पहिल्या फटक्यात सुटले. त्याच्या मेसच्या काकू डब्यांचा हिशेब वहीत ठेवायच्या, महिनाअखेर खाड्यांवरून भांडणं. ह्याने त्यांना ॲप करून दिलं. कोणी कुठल्या वेळचा डबा बंद ठेवला, चार दिवसांच्या वरचेच खाडे वजा करायचे, सणाच्या दिवशीचा खाडा धरायचा नाही, हे सगळं त्यात बरोबर होतं. पण पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, म्हणजे बल आणि तोलाची गणितं, काही सुटलं नाही. आज तो वायडी आहे.

माझं म्हणणं एवढंच. M2 (गणिताचा दुसरा पेपर) राहिलं तर M3 ला बसू देऊ नका, मान्य. प्रोग्रॅमिंग राहिलं तर डेटा स्ट्रक्चर अडवा, तेही मान्य. पण भिंतीला टेकवलेली शिडी घसरेल की नाही हे सांगता आलं नाही म्हणून डेटाबेसचा वर्ग बंद? अडवायचं तर विषयाने विषयाला अडवा, अख्ख्या वर्षाला नको.

जुनी_जर्नल:

शिकवते, त्यामुळे माझं मत तुम्हाला ठरावीकच वाटेल. तरी बोलते.

मेकॅनिक्स पहिल्या सेमिस्टरला असेल तर दुसरं वर्ष संपेपर्यंत परीक्षेला चारदा बसता येतं, दुसऱ्या सेमिस्टरला असेल तर तीनदा. चाळीस मार्कांना पास. तीस मार्कांची सेमिस्टरच्या मधली इन-सेम, सत्तरची शेवटची एंड-सेम. तीन-चार वेळा चाळीस न पडणं याला हुशारी कमी पडली असं मी कधीच म्हणणार नाही, हा विषय सोडून दिलेला असतो. ‘होईल नंतर’ म्हणून.

आणि कॅरी ऑन दिलं की काय होतं ते आम्ही बघतो. शेवटच्या वर्षाला आलेला मुलगा, पाठीवर आठ-नऊ विषय. सकाळी चालू सेमिस्टरचा पेपर, दुपारी बॅकलॉगचा, म्हणजे मागे राहिलेल्या विषयाचा. प्रोजेक्ट ग्रुपमधली बाकीची तिघं त्याच्या वाटचं काम करतात आणि माझ्या केबिनमध्ये येऊन रडतात. चार वर्षांनी डिग्रीही नाही, नोकरीही नाही. त्यापेक्षा दुसऱ्या वर्षी अडवलेला बरा.

कोड_आणि_कटिंग:

जुनी_जर्नल ताईंना अनुमोदन. पुण्यात नऱ्हेला रूम घेऊन वायडीचं वर्ष मीही काढलंय. त्या वर्षात विषय सुटले, आणि डोकंही ठिकाणावर आलं.

फक्त एक सांगतो, ‘घरी बसा’ लिहिलंय ते सोपं वाटतं. घरी नाही बसत कोणी. घरी सांगितलेलंच नसतं. रूमचं भाडं, मेस, सगळं चालू. रूममेट साडेआठला बॅगा घेऊन निघतात आणि तुम्ही पांघरुणात झोपेचं सोंग घेता. मी पाच महिने वडिलांना ‘आज प्रॅक्टिकल होतं’ सांगितलं.

ढगफुटी:

@कोड_आणि_कटिंग, मग अनुमोदन कशाचं देताय राव? हे वर्ष चांगलं होतं म्हणता आणि वर्णन तुरुंगाचं करता.

कोड_आणि_कटिंग:

दोन्ही खरं आहे. काय करू.

डिप्लोमावाला:

या चर्चेत आमची जात कोणाच्या लक्षात येत नाही. आम्ही पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला आलो. पहिलं वर्ष आम्हाला नाहीच, त्यामुळे त्याचा बॅकलॉगही नाही. मी ‘आय स्कीम’ नावाच्या अभ्यासक्रमाचा कॉम्प्युटर डिप्लोमा केला. तीन वर्षांत मेकॅनिक्स नावाचा विषय नव्हता. ट्रस म्हणजे पुलाचा तो त्रिकोणा-त्रिकोणांचा सांगाडा, हे मला पुलाखालून जाताना मित्राने दाखवलं.

म्हणजे एकाच वर्गात, एकाच बाकावर दोघं. मी मेकॅनिक्सचं पुस्तक न उघडता तिसऱ्या वर्षात. शेजारचा तेवढ्यासाठी बाहेर. डिग्री दोघांना एकच. तो विषय कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायला इतका अत्यावश्यक असेल तर मी कसा चालतो, हे कोणीतरी समजावून सांगा.

(आमचा सूड M3 घेतं. बारावीवाल्यांचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं, आम्ही कॅल्क्युलेटरकडे बघत बसलो. ते वेगळं.)

सेमीकोलन:

डिप्लोमावाला, हा मुद्दा माझ्या मूळ लेखात असायला हवा होता.

गेमफिजिक्स:

मेकॅनिक्स लागतं की. गेममध्ये चेंडू उडतो तो कशावर? प्रोजेक्टाइल.

ढगफुटी:

हो, आणि बँकेच्या सर्व्हरला फ्रिक्शन लागतं. चहा घ्या.

सह्याद्री_ते_सिॲटल:

माझी मुलगी अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स करते, म्हणून तिकडचं सांगते. बहुतेक ठिकाणी डिग्रीला साधारण १२० क्रेडिट. वर्ष नापास हा प्रकारच नाही. एखाद्या कोर्सच्या आधी अमुक कोर्स झालेला हवा, आणि तोही नुसता पास चालत नाही, बऱ्याचदा ‘सी’ किंवा वर लागतो. सेमीकोलन म्हणतात तसंच, विषय विषयाला अडवतो. ग्रेडची सरासरी चारपैकी दोनच्या खाली गेली की प्रोबेशन, म्हणजे ताकीद, तरीही सुधारली नाही तर बाहेरचा रस्ता.

पण हे ऐकून लगेच हुरळू नका. नापास झालेला कोर्स पुन्हा घ्यायचा म्हणजे त्याचे पैसे पुन्हा भरायचे, आणि ते परीक्षा फॉर्मच्या भाषेतले पैसे नव्हेत. मुलीचं एक कॅल्क्युलस घसरलं तेव्हा तिचं वर्ष गेलं नाही, आमची सुट्टीतली पुण्याची तिकिटं गेली.

शिवाय तिथे मुलं कोर्स स्वतः निवडतात, मागे पडलेल्याला मागच्या बॅचबरोबर बसता येतं. आपल्याकडे टाइमटेबल डिव्हिजनवार. मधेच एका विषयापुरता कुठे बसवणार त्याला?

एचआर_नव्हे:

भरतीत बसतो, म्हणून कडू बोलतो. विद्यापीठाने कॅरी ऑन दिलं काय, न दिलं काय. कॅम्पसला येणाऱ्या किती तरी कंपन्यांची अट असते: दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे साठ टक्के आणि एकही चालू बॅकलॉग नको. मुलाखतीत मेकॅनिक्सचा म सुद्धा आम्ही काढत नाही. पण फॉर्मवर बॅकलॉगच्या रकान्यात १ असला तर तो मुलगा माझ्यासमोर येतच नाही, वरच गळतो. डब्यांचं ॲप मी बघणार कधी?

म्हणजे कॅरी ऑनने वर्ष वाचतं आणि प्लेसमेंट जाते. वायडीला निदान पाटी कोरी करून येता येतं, आणि काही कंपन्या गॅप विचारतात तेव्हा कारण सांगता येतं.

ढगफुटी:

ही अट लावणारे तुम्हीच ना? मग तुम्हीच काढा.

एचआर_नव्हे:

एका जागेला हजारावर अर्ज येतात तेव्हा कुठली तरी चाळणी लागते. न्याय्य आहे असं मी म्हटलेलं नाही.

बँक_बुडाली:

मला याच्यात मजा वाटते ती धोरणाची. युजीसीने २०२१ मध्ये क्रेडिटची बँक काढली. क्रेडिट जमा करा, पुढे वापरा, दोन वर्षांनी बाहेर पडलात तर डिप्लोमा घेऊन जा. आणि इथे खात्यात एका विषयाची क्रेडिट कमी म्हणून पुढच्या वर्षाचं खातंच उघडत नाही. ही बँक आहे की भिशी? एक हप्ता चुकला की नंबर गेला.

आणखी एक. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०१८ मध्ये नमुना अभ्यासक्रम दिला, एकूण १६० क्रेडिटचा. त्यात कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला गणित, भौतिक, रसायन, इलेक्ट्रिकल, ग्राफिक्स, वर्कशॉप, प्रोग्रॅमिंग, इंग्रजी आहे. मेकॅनिक्स सगळ्यांना सक्तीचं नाही. तरी ते आपल्याकडे टिकून का, हे ताईच सांगतील.

पंचाहत्तर_टक्के:

हजेरीचं पण बोला की. ७४ टक्क्यांवर डिफॉल्टर लिस्टला नाव लावतात.

सेमीकोलन:

त्याला वेगळा धागा काढा, इथे नको.

जुनी_जर्नल:

बँक_बुडाली यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

मेकॅनिक्स का टिकतं? पहिलं वर्ष सगळ्या शाखांना सारखं ठेवलं की शाखा बदलून मिळते, हे अधिकृत कारण, आणि ते अगदीच पोकळ नाही. दुसरं कारण बैठकीत कोणी मोठ्याने बोलत नाही. गेल्या काही वर्षांत सिव्हिल-मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या आणि कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. पहिल्या वर्षाला कॉम्प्युटरच्या चार तुकड्या असतील तर चार तुकड्यांचं मेकॅनिक्स सिव्हिलचे लोक शिकवतात. तो विषय काढा म्हटलं की समोरचे सर हळूच विचारतात, ‘मॅडम, आमच्या वर्कलोडचं काय?’ पंधरा वर्षं सोबत डबा खाल्लेला माणूस असतो. आपण चहाचा कप उचलतो आणि पुढच्या मुद्द्यावर जातो.

तेव्हा मी माझं मत निम्मं मागे घेते. कॉम्प्युटरच्या मुलांना मेकॅनिक्स ऐच्छिक करा, याला मी हात वर करीन. पण तिसऱ्या वर्षाच्या दारातला अडसर राहू द्या. तो काढला तर मेकॅनिक्सच्या जागी M1 मागे टाकतील, आणि पुढे मशीन लर्निंगला येऊन मला विचारतील की हे मॅट्रिक्स कुठून आलं.

सेमीकोलन:

निम्मं म्हणजे किती क्रेडिट, ताई?

जुनी_जर्नल:

तुम्हाला २२ पुरतात ना, तेवढं.

आणि त्या मुलाला विचारा, पेपरात ट्रस सोडतो की फ्रिक्शन. दोन्ही सोडत असेल तर चाळीस होत नाहीत. ट्रसचं गणित पंधरा दिवसांत बसतं, जॉइंट सुटा काढायचा, बलं मांडायची, दोन समीकरणं. खाड्यांच्या हिशेबापेक्षा सोपं आहे.