ट्रेकसाठी घेतलेली कुठली वस्तू डोक्याला ताप झाली?

मुलुंडचा_नवशिक्या

नमस्कार मंडळी. आजवर फक्त एका दिवसाचे ट्रेक केलेत, पेब, राजमाची असलेच, तेही ऑफिसच्या सॅकमध्ये डबा आणि पाण्याची बाटली कोंबून. आता डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम करायचं ठरतंय आणि मे महिन्यात एका ग्रुपबरोबर हिमाचल. व्हिडिओ बघून बघून कार्टमध्ये एवढं सामान साठलंय की आईने सरळ विचारलं, हे ठेवणार कुठे, तुझ्या डोक्यावर? आमचं वन बीएचके, माळ्यावर गणपतीचं मखर आणि जुना कूलर, बाकी जागाच नाही.

तर काय घ्यावं याच्या याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. काय घेऊन पैसे बुडाले आणि का बुडाले ते सांगा. आत्ता कार्टमध्ये आहे: ४ माणसांचा तंबू, उणे १० वाली स्लीपिंग बॅग, फुगवायची मॅट, गॅस स्टोव्ह, वॉटरप्रूफ बूट, ७० लिटरची सॅक.

कसारा_फास्ट

तंबू काढून टाक कार्टमधून, आत्ताच्या आत्ता. बाकीचं मग वाच.

४ माणसांचा तंबू म्हणजे चौघं मढ्यासारखी ओळीने सरळ झोपली तर मावतात, सॅका बाहेर दवात. आमच्या ग्रुपमध्ये एकाने असाच स्वस्तातला आणला होता, एकाच कापडाचा, वर वेगळा रेनफ्लाय म्हणजे पावसासाठीचं बाहेरचं आवरण नाही. पहाटे बघतो तर आतून छताला पाण्याचे थेंब, कोणी कूस बदलली की कापड हलायचं आणि टपटप तोंडावर. सगळे म्हणाले तंबू गळतोय. गळतोय कसला, आभाळ निरभ्र होतं, आपल्याच श्वासाची वाफ थंड कापडावर जमत होती. घ्यायचाच असेल तर आत जाळीचा आणि वर सुटा रेनफ्लाय असलेला घे, दोन कापडांमध्ये हवा खेळायला जागा पाहिजे.

दुसरं म्हणजे खुंट्या. गडावर कोकणकड्याच्या बाजूला कातळ आहे, खुंटी ठोकशील कुठे? एक ठोकली ती वाकली, दुसरी ठोकली ती उडाली. तंबू स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा पाहिजे आणि दोऱ्या दगडांना बांधायच्या. काड्याही फायबरच्या असतील तर वाऱ्यात उभ्या चिरतात आणि चिरल्यावर हाताला कुसं लागतात, रात्री टॉर्चच्या उजेडात ती काढत बसायचं. आणि हे सगळं करायचं कशाला, पायथ्याच्या पाचनईत नाहीतर गडावरच गावची मंडळी तंबू आणि जेवण दोन्ही देतात, आधी फोन करून विचार.

भटकभवानी

तंबूबद्दल कसाराशी सहमत, पण माझ्या मते सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे महागडं ब्रीदेबल रेनजॅकेट. तुमच्या कार्टमध्ये नाहीये, पण पावसाळा आला की येईल म्हणून आधीच सांगते.

त्या कापडातून घामाची वाफ बाहेर जाते हे खरंय, पण आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम आणि दमट असेल तरच. थंड कोरड्या देशात ते छान चालतं. आपल्याकडे जुलैत माळशेजला बाहेरच हवा पाण्याने भरलेली, वर आपण चढतोय, मग वाफ जाणार कुठे? बाहेरून पावसाने भिजायचं नाही म्हणून एवढे पैसे मोजायचे आणि आतून घामाने भिजायचं. मी आता पाठीवरच्या सॅकसकट झाकणारा साधा पोंचो घेते, खालून वारा लागतो. कड्यावर वारा असला की तो तोंडावर येतो हे खरंय, तेव्हा कमरेला दोरी बांधायची.

वॉटरप्रूफ बुटांचंही तसंच. पावसाळ्यात ओढा गुडघ्यापर्यंत असतो, पाणी वरून बुटात शिरतं आणि मग वॉटरप्रूफ असल्यामुळे बाहेरच पडत नाही. जाळीचे बूट भिजतात तसे निथळतातही. सॅकच्या रेनकव्हरवरही फार विसंबू नका, पाठीकडून पाणी शिरतंच. आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी लावा आणि सगळं त्यात भरा, किराण्याच्या दुकानात मिळते.

केमिकलवाला

बुटांवरून एक गोष्ट जी दुकानदार कधीच सांगत नाही, मुंबईकरांनी तर नीटच वाचा.

चांगल्या जाड बुटांचा मधला सोल बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा म्हणजे पीयूचा असतो. हवेतल्या ओलाव्याने पीयूच्या साखळ्या हळूहळू तुटतात, याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि हे बूट न वापरता खोक्यात ठेवले तरी होतं. वरून एकदम नवे दिसतात. आमच्या सोसायटीतल्या एकाने लडाखसाठी घेतलेले बूट, परत आल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर गेले, काही वर्षांनी काढले आणि थेट हरिश्चंद्रगडाच्या टोलार खिंडीची वाट धरली. खिंडीच्या वरच्या रेलिंगच्या टप्प्यावर आधी टाच उघडली, मग अख्खा सोल जबड्यासारखा लोंबायला लागला, आत हात लावला तर ओल्या बिस्किटासारखा भुगा. सॅकची नाडी कापून बूट बांधला आणि तसाच पायथ्याच्या खिरेश्वरपर्यंत उतरवला.

म्हणून अधूनमधून कधीतरी जाणार असाल तर महाग जाड बूट घेऊन साठवू नका. घेतले तर वापरत रहा, धुऊन सावलीत पूर्ण सुकवा, पिशवीत बांधू नका, आणि मोठ्या ट्रेकच्या आधी घरीच सोल हाताने वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर नेऊ नका. ईव्हीएचा म्हणजे हलक्या फोमचा सोल असा विरघळत नाही, तो दबून चपटा होतो इतकंच.

तंबूच्या आणि रेनकव्हरच्या आतल्या पीयू थराचंही हेच, दमट माळ्यावर पडून राहिला की चिकट होतो आणि ओकारीसारखा आंबूस वास येतो. तो वास धुऊन जात नाही, प्रयत्न करू नका.

कसारा_फास्ट

हे वाचून आत्ता माळ्यावर चढून बघितलं. चिकट झालाय 😑

जुनं_खोड

मुला, उणे १० ची स्लीपिंग बॅग हरिश्चंद्रगडावर? उंची चौदाशे मीटरच्या आसपास. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं हा ढोबळ हिशेब धर, पायथ्याच्या गावात किती आहे ते विचार आणि आकडा काढ. डिसेंबरात पहाटे दात वाजतात हे खरं, पण बर्फ पडत नाही. रात्रभर अर्धी चेन उघडी ठेवून झोपशील, आणि एप्रिलमध्ये नेलीस तर उशी म्हणून.

शिवाय पिशवीवरचा मोठा आकडा कसला आहे ते बघ. कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन असतात. एक्स्ट्रीम म्हणजे झोप लागेल असं नव्हे, थंडीने मरणार नाहीस एवढंच. स्वस्तातल्या पिशव्यांवर तोच ठळक छापतात. तेव्हा उणे १० लिहिलेली पिशवी हिमाचलात उणे १० ला ऊब देईल असंही समजू नकोस. पिसांची तर आपल्याकडे घेऊच नये, ओली झाली की गोळा होऊन बसते आणि मुंबईत वाळता वाळत नाही.

आम्ही घोंगडी नेत असू. जड, मान्य. पण ओली झाली तरी ऊब देते आणि चुलीची ठिणगी उडाली तर भोक पडून सुटते, नायलॉनसारखी वितळून अंगाला चिकटत नाही. नव्या पोरांना सांगून उपयोग नाही, तुम्ही हसणार.

भटकभवानी

काका हसत नाही, पण घोंगडी पाठीवर घेऊन कसारा लोकलला सकाळी चढून दाखवा 😄

कसारा_फास्ट

आता स्टोव्ह राहिला. हिमाचलला विमानाने जाणार असशील तर गॅसचा डबा विसर, केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, काढून ठेवतात. तिकडे पोचून घ्यावा लागतो. त्यातही नुसत्या ब्युटेनचा डबा घेऊ नकोस, ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच उकळतो, म्हणजे बाहेर बर्फ असेल तर डब्यात द्रव तसाच बसून राहतो आणि ज्योत मरते. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा मिळाला तर बघ. पण ग्रुपबरोबर चाललायस ना, मग स्वयंपाक ते करणार, तू मॅगी कोणासाठी शिजवणार?

पॉवरबँक मात्र उलटी, ती चेक-इनमध्ये नाही, हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-अवरच्या आत असेल तर परवानगीची कटकट नाही, २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. ३०,००० वाली घेऊन मिरवू नकोस.

मुलुंडचा_नवशिक्या

बापरे. तंबू, स्टोव्ह, स्लीपिंग बॅग तिन्ही काढले. हिमाचलवाल्या ग्रुपला फोन केला, तंबू, मॅट, स्लीपिंग बॅग सगळं तेच देतात म्हणे, मी विचारलंच नव्हतं. केमिकलवाला दादा, बूट ईव्हीए सोलचे बघतो. आता फक्त सॅक आणि मॅट. ७० लिटर मोठी होईल का? आणि फुगवायची मॅट चालेल ना, बाटलीएवढी घडी होते.

भटकभवानी

७० घेतलीत तर ७० भरणार, हा नियमच आहे, जागा दिसली की घरचे चिवड्याचा डबा आणि जादा स्वेटर कोंबतात. दोन्ही ट्रेकला ५० पुष्कळ झाली. ऑनलाइन घेऊ नका, दुकानात जाऊन आत दहा किलो वजन टाकायला सांगा आणि कमरेचा पट्टा आवळून पंधरा मिनिटं फिरा. वजन कमरेवर बसलं पाहिजे, खांद्यावर नाही. पट्टा कंबरेच्या हाडाच्या वर पोटावर येत असेल तर ती सॅक तुमच्या मापाची नाही, मग कितीही डिस्काउंट असो.

जुनं_खोड

फुगवायची मॅट सह्याद्रीत नको. करवंदीचा एक काटा आणि रात्री दोन वाजता तू दगडावर. फोमची घे, बाहेरून सॅकला बांध, फाटली तरी फोमच राहते.

केमिकलवाला

माझ्याकडे फोमची एक जादा पडून आहे, कोरी आहे, तुकडे पडत नाहीयेत, तपासलंय. शनिवारी संध्याकाळी ठाण्याला असेन, मुलुंडहून एक स्टेशन, येऊन घेऊन जा. मेसेज कर.

मुलुंडचा_नवशिक्या

करतो दादा, सातनंतर चालेल का?