मदत हवी आहे: होडीच्या बॅटरीला चार्जर कुठल्या सेटिंगवर ठेवू?

साळकाठचा: नवीन चार्जर आणलाय. पर्याय चार: फ्लडेड, जेल, एजीएम, लिथियम. सोबतचा कागद सगळा चिनीत. बॅटरी 12 व्होल्टची, काळी, बऱ्यापैकी मोठी. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपतेय, त्याआधी होडी तयार हवी. कुठला पर्याय एवढंच सांगा, लेक्चर नको.

मांडवीकिनारा: काळ्या सगळ्याच असतात हो. अंगावर काय छापलंय? पाणी घालायची बुचं आहेत का? किती एएच (अँपिअर-तास)?

फेरीबोटवाला: सरळ लिथियम घ्या. वजन निम्मं, कटकट नाही. मी बदलली, सुटलो.

मांडवीकिनारा: कुठली घेऊ असं त्यांनी विचारलेलंच नाही.

साळकाठचा: बुचं नाहीत. 100 एएच. व्हीआरएलए लिहिलंय. आता तरी सांगा.

वायरमन_म्हापसा: बुचं नाहीत म्हणजे जेल. विषय संपला.

मांडवीकिनारा: कसा संपला? व्हीआरएलए म्हणजे सीलबंद; त्यात जेल (आम्ल जेलीसारखं घट्ट) येते तशी एजीएमही (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेलं) येते. बारीक अक्षरांत ‘सायकल यूज’ (वापरून पुन्हा पुन्हा चार्ज करायची असेल तर) म्हणून व्होल्टेज छापलेलं असतं, चार्जर त्याच्या वर जाता कामा नये. साधारण जेलला 14.1-14.2, एजीएमला 14.4-14.7.

साळकाठचा: सायकल यूज 14 पॉइंट. पुढे होडीचा निळा रंग सांडलाय.

मांडवीकिनारा: मग जेलवर ठेवा.

वायरमन_म्हापसा: आणि निघाली एजीएम तर? अर्धवट भरून प्लेटांवर सल्फेट धरेल. एवढी वर्षं हेच काम करतोय.

मांडवीकिनारा: कायम तसंच चालवलं तर धरेल. उलट जेलला व्होल्टेज जास्त झालं की आत वायूचे फुगे अडकून पोकळ्या पडतात, त्या भरून येत नाहीत. फ्लडेडला (ते पातळ आम्लाच्या बुचवालीसाठी) तर हात लावू नका, काही चार्जर त्यात इक्वलायझेशनला (मुद्दाम दिलेला जादा चार्ज) 15 च्या वर जातात. आणि हे आकडे 25 अंशांचे. पत्र्याच्या खोपीत 35 असेल तर पाव व्होल्ट कमीच हवं. चार्जरला तापमानाची वायर असेल तर बॅटरीला चिकटवा.

पणजीची_सून: बंदी उठल्यावर बांगडा स्वस्त होईल का हो? इथे बरेच जण होडीवाले दिसताय म्हणून विचारलं.

साळकाठचा: बरं, जेल. दुसरीलाही तेच ना?

मांडवीकिनारा: दुसरी कुठली??

साळकाठचा: इंजिन स्टार्ट करायची. ती बुचवाली. दोन्ही जोडलेल्याच असतात, त्यात सांगण्यासारखं काय.

वायरमन_म्हापसा: अरे देवा.

मांडवीकिनारा: आधी दोघी वेगळ्या करा. एकाच तारेवर असल्या तर कुठलंही सेटिंग एकीला चुकीचंच. बुचवाली फ्लडेडवर, वेगळी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर बुडण्यापुरतंच डिस्टिल्ड पाणी, बाकीचं चार्ज झाल्यावर. खण उघडा ठेवा, हायड्रोजन सुटतो. जवळ विडी नको.

फेरीबोटवाला: लिथियमला यातलं काहीच नाही. सांगून ठेवतो.

साळकाठचा: टर्मिनलवर हिरवी पूड साचलीय, नट फिरत नाही.

वायरमन_म्हापसा: चार्जर बंद, मग आधी निगेटिव्हची तार. खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने लावा, बुचं घट्ट असताना. आत एक थेंब जाता कामा नये. हातोडी मारू नका, पोल तुटतो.

मांडवीकिनारा: हे मात्र पटलं.