मदत हवी आहे: बाबांना पलटणचा सामना दाखवायचाय

नमस्कार मंडळी. आमच्या घरात दोन तट आहेत. कबड्डीत बाबा पुणेरी पलटण संघाचे, मी यू मुंबाचा. 2015 साली अनुप कुमारच्या मुंबाने प्रो कबड्डी जिंकली तेव्हा बाबा गप्प होते. 1 मार्च 2024 ला पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 ने हरवलं आणि अस्लम इनामदारच्या हाती चषक पाहून ते ढसाढसा रडले. तरुणपणी स्वतः मातीत खेळलेत ना! त्यांना एकदा मैदानात न्यायचंय. पण सामने आता मोजक्याच शहरांत होतात. परगावी जाऊन कुणी पाहिलेत का? बोनस रेषा (चढाई करणाऱ्याला जादा गुण मिळवून देणारी मैदानावरची रेषा) स्पष्ट दिसेल अशी जागा कुठली? त्यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या कमी असाव्यात. कृपया अनुभव सांगा.