अमेरिकेचा इतिहास दफनभूमीत जाऊन कळतो का?

मूळ लेखन

गेली काही वर्षे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडील रणभूमी, जुनी घरे आणि दफनभूमी मी सवड मिळेल तशी पाहत आलो आहे, आणि त्यातून माझे मत असे झाले आहे की या देशाचा इतिहास ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने पुस्तकाआधी जागा पाहावी. पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग या अमेरिकी यादवी युद्धातील रणभूमीचेच घ्या. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत तिथे उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, हे मी अनेकदा वाचले होते. पण वाचताना असा आकडा नजरेखालून नुसता निघून जातो. तिथल्या राष्ट्रीय दफनभूमीत उत्तरेच्या सैनिकांची थडगी अर्धवर्तुळाकार ओळींत, राज्यवार मांडलेली आहेत, आणि अधिकारी व साधा शिपाई असा भेद त्यांत ठेवलेला नाही. ज्यांची ओळखच पटली नाही त्यांच्या डोक्याशी संगमरवराचा एक लहानसा ठोकळा बसवला असून त्यावर केवळ क्रमांक कोरलेला आहे. अशी अनामिक थडगी ९७९ आहेत. मी वाकून एकेक क्रमांक वाचत एक ओळ पूर्ण केली आणि दुसरी सुरू करण्याचे धैर्य मला झाले नाही.

१९ नोव्हेंबर १८६३ रोजी लिंकन यांनी तिथे जेमतेम दोन मिनिटांचे भाषण केले, तेव्हा मृतदेह रणभूमीवरून उकरून आणून पुन्हा पुरण्याचे काम निम्मेही झालेले नव्हते. त्या भाषणातील शब्दांची काटकसर मला पुस्तकात कधी उमगली नव्हती, ती तिथे उमगली.

प्रतिसाद १

आपल्या भावनेविषयी मला पूर्ण आदर आहे, तरीही मी असहमत आहे. दगड तेच सांगतो, जे सांगण्याची ऐपत आणि अधिकार असलेल्या माणसाला सांगायचे असते. गेटिसबर्गच्या ज्या दफनभूमीने आपण इतके हेलावलात, ती उत्तरेच्या सैनिकांसाठीच होती. दक्षिणेचे सैनिक रणभूमीवरच उथळ खड्ड्यांत पडून राहिले आणि १८७० नंतर त्यांपैकी तीन हजारांहून अधिक जणांचे अवशेष दक्षिणेत नेण्यात आले. ही गोष्ट त्या अर्धवर्तुळातून कळत नाही, वाचावीच लागते.

याहून ठळक उदाहरण व्हर्जिनियातील माँटिसेलोचे, म्हणजे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांच्या निवासस्थानाचे आहे. जेफर्सन यांनी आपला मृत्युलेख स्वतःच लिहून ठेवला होता: स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा लेखक आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक. राष्ट्राध्यक्षपद त्यांनी स्वतःच वगळले. मात्र आयुष्यभरात ज्या सहाशेहून अधिक माणसांना त्यांनी गुलाम म्हणून बाळगले, त्यांचाही त्यात उल्लेख नाही. त्यांच्यापैकीच एक, आणि जेफर्सन यांच्या मुलांची आई मानल्या जाणाऱ्या, सॅली हेमिंग्ज यांचे थडगे कुठे आहे ते आज कोणालाही सांगता येत नाही. त्यांची हकिकत आपल्यापर्यंत आली ती त्यांचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये वर्तमानपत्राला दिलेल्या निवेदनामुळे, आणि १९९८ च्या डीएनए चाचणीने तिला बळ दिले. बॉस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीत तर जुने दगड सरळ रांगेत दिसावेत म्हणून पुढच्या काळात हलवले गेले, त्यामुळे आपण ज्या दगडापुढे नतमस्तक होतो त्याच्या खाली तोच माणूस असेल याची खात्री नाही. कागद मात्र दुसऱ्या कागदाशी ताडून पाहता येतो.

प्रतिसाद २

कागदावर इतका विश्वास मला ठेववत नाही. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात एका सरकारी इमारतीसाठी पाया खणताना, नंतरच्या भरावाखाली दडलेली आफ्रिकी लोकांची दफनभूमी सापडली. ४१९ जणांचे अवशेष बाहेर काढण्यात आले. अंदाजे १५,००० माणसे त्या परिसरात पुरली गेली असावीत, असे मानले जाते. हाडांवर अतिश्रमाच्या खुणा होत्या, आणि मृतांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते. गुलामगिरी ही दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांची गोष्ट आहे, उत्तरेतील शहरांशी तिचा फारसा संबंध नाही, अशी जी सोयीची समजूत होती तिला या हाडांनी धक्का दिला. २००३ मध्ये ते अवशेष सन्मानाने पुन्हा पुरण्यात आले आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली.

प्रतिसाद १ च्या लेखकाचे उत्तर

आपल्याच उदाहरणात एक गोष्ट राहून गेली. अठराव्या शतकातील नकाशात ती दफनभूमी स्पष्टपणे दाखवलेली होती. ती बांधकामात केव्हाच नष्ट झाली असेल, असे गृहीत धरून चालल्यामुळे पुढचे सारे घडले. म्हणजे कागद खोटा नव्हता, तो गांभीर्याने घेतला गेला नाही.

शिवाय आपण मराठी माणसांनी तरी हे विसरू नये की जोतीराव फुले कधीही अमेरिकेला गेले नाहीत. तिथली एकही रणभूमी किंवा एकही थडगे त्यांनी पाहिले नाही. तरीही १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. त्या इतिहासाचा अर्थ त्यांना पुण्यात बसून कळला, कारण त्यांच्याजवळ विचारायचा प्रश्न होता.

प्रतिसाद ३

फुल्यांचा दाखला बिनतोड आहे आणि प्रश्न घेऊन जावे, हेही मला मान्य आहे. पण काही प्रश्न जागेवर उभे राहिल्यावरच पडतात, असा माझा अनुभव आहे. न्यूयॉर्कहून हडसन नदीच्या काठाने रेल्वेने सुमारे दोन तासांवर पोकीप्सी आहे. तिथल्या दफनभूमीत आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी आहेत. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे पती गोपाळराव यांनी त्या, अमेरिकेत आनंदीबाईंना आधार देणाऱ्या कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या होत्या. दगडावर नाव, एम.डी. ही पदवी आणि १८६५–१८८७ ही वर्षे आहेत, आणि त्याखाली इंग्रजीत असा मजकूर आहे की शिक्षणासाठी भारत सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री होय.

मी फुले वाहायला गेले होते आणि ‘ब्राह्मण’ या शब्दापाशी थबकले. परक्या गावात, परक्या लिपीत, ज्यांना त्या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ ठाऊक नाही अशा लोकांच्या थडग्यांमध्ये तो शब्द का कोरला गेला असेल? आनंदीबाईंविषयी शाळेपासून वाचत आले आहे, पण हा प्रश्न मला तोपर्यंत पडला नव्हता.

मूळ लेखकाचे उत्तर

‘पुस्तकाआधी जागा’ हे माझे विधान मी मागे घेतो. दक्षिणेच्या सैनिकांविषयीचा आक्षेप मला लागू पडतो, कारण त्या ओळींमधून चालताना ते कुठे आहेत हा विचार माझ्या मनात आलाच नाही. मात्र जागा ही कागदाची केवळ पुरवणी आहे, हे मला अजूनही मान्य नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर त्यांच्या समाधीपासून थोड्याच अंतरावर झाडीत गुलामांची दफनभूमी आहे. तिथे कोणाचेही नाव लिहिलेला दगड नाही आणि कोण कुठे पुरले आहे याची पूर्ण यादी कोणत्याही दप्तरात नाही. २०१४ पासून तिथले पुरातत्त्वज्ञ वरची माती हलक्या हाताने बाजूला करून, केवळ मातीच्या बदललेल्या रंगावरून प्रत्येक खड्ड्याची जागा निश्चित करत आहेत आणि आतील अवशेषांना हात न लावता माती परत लोटत आहेत. त्या माणसांपुरता तरी ताडून पाहायला दुसरा कागद कुठून आणायचा, हे प्रतिसाद १ च्या लेखकांनी मला सांगावे.