पासष्टीपुढच्या बायकांच्या हृदयाच्या ठोक्यांची सरसकट तपासणी हवी का?

पर्वतीपायथा
सहकारनगरातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं आरोग्य शिबिर पुढच्या महिन्यात आहे. साखर, बीपी, हाडं हे नेहमीचंच. मी म्हटलं, ६५ च्या पुढच्या प्रत्येक बाईची अर्धा मिनिट नाडी बघा आणि ती वेडीवाकडी लागली तर ईसीजी काढा. कार्यकारिणीत लगेच "उगाच घाबरवू नका" सुरू झालं. म्हणून इथे विचारते.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, म्हणून नाडी वेडीवाकडी लागते. रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. धोका साधारण पाचपट. कित्येकांना आधी काही जाणवतच नाही. आणि बायकांना जाणवलं तरी ऐकतंय कोण? धाप लागते म्हटलं की "वय झालं", धडधडतं म्हटलं की "टेन्शन घेऊ नका"!

आकडेमोड
विरोध. विकार सापडणं आणि पक्षाघात टळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेन्मार्कच्या लूप अभ्यासात (२०२१) ७० ते ९० वयाचे सुमारे ६,००० लोक होते. त्यातल्या काहींच्या त्वचेखाली ठोक्यांचं नोंदयंत्र बसवलं. त्यांच्यात विकार जवळपास ३२ टक्क्यांना सापडला, बाकीच्यांत १२ टक्क्यांना. पक्षाघात मात्र ठामपणे कमी झाले असं म्हणता आलं नाही. कोणत्या तपासण्या कराव्यात ते सुचवणाऱ्या अमेरिकेच्या प्रिव्हेन्टिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञगटानेही २०२२ मध्ये लक्षणं नसलेल्यांच्या तपासणीसाठी पुरावा अपुरा आहे असंच म्हटलंय. जे तिथे ठरत नाही ते आपण सहकारनगरात मांडव घालून ठरवायचं?

पर्वतीपायथा
त्वचेखाली यंत्र कोण बसवतंय? मी मनगट धरा म्हणतेय. स्वीडनच्या स्ट्रोकस्टॉप अभ्यासात ७५-७६ वर्षांच्या लोकांना हातात धरायचं ईसीजी यंत्र दोन आठवडे दिलं, आणि फायदा दिसला.

आकडेमोड
किती दिसला तेही सांगा की! सुमारे सात वर्षांत पक्षाघात, मोठा रक्तस्राव, मृत्यू वगैरे सगळं एकत्र मोजून ४ टक्क्यांची सापेक्ष घट, म्हणजे शंभराच्या जागी शहाण्णव.

पर्वतीपायथा
बोलावलेल्यांपैकी जेमतेम निम्मे आले होते, तरी. हे मात्र तुम्ही गाळलंत.

नाना_पेठकर
पण फक्त बायकांचीच का? आम्ही काय घोडं मारलंय?

ओपीडीवाला
नाना, तुमचाही हात धरू. खरं तर हा विकार पुरुषांतच जास्त. पण हा विकार झालेल्या बायकांचा पक्षाघात बहुधा जास्त जबर असतो. पूर्वी धोका मोजताना बाई असण्याचा एक वेगळा गुण धरायचे, युरोपच्या हृदयरोग संघटनेने २०२४ मध्ये तो काढला.

मी पेठेत जनरल प्रॅक्टिस करतो. माझा प्रश्न वेगळा आहे: सापडल्यावर पुढे काय? रक्त पातळ करायची गोळी सुरू होते, पण गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी चालूच राहते. परवा एका आजींनी पर्स उपडी केली. पट्ट्या कात्रीने इतक्या बारीक कापलेल्या की निम्म्यांवर औषधाचं नावच नाही! त्यात ॲस्पिरिनही होती, "हृदयाला चांगली" म्हणून कोणीतरी दिलेली. या विकारात ॲस्पिरिन म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळीला पर्याय नव्हे, आणि तिघी एकत्र झाल्या तर पोटात रक्तस्राव ठरलेला समजा.

आणखी एक. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या, त्यामुळे हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेल्या बायका आपल्याकडे बऱ्याच आहेत. त्यांना रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या चालत नाहीत. तिथे वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरॉल ही जुनी औषधंच लागतात, म्हणजे आयएनआरसाठी, रक्त किती पातळ झालंय ते बघायला, सारखं रक्त देणं आलं. संधिवाती हृदयविकारात रिव्हरोक्साबान ही नवी गोळी वॉरफरिनच्या जातीच्या औषधांपुढे कमी पडली, हे २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात दिसलंय. तेव्हा आधी टूडी इको, म्हणजे झडपा दाखवणारी हृदयाची सोनोग्राफी, मग गोळी. त्याची सोय शिबिरात आहे का?

ताकपोळी
माझ्या सासूबाईंना दिरांनी अमेरिकेहून घड्याळ पाठवलंय. ते मधूनच "ठोके अनियमित" म्हणून सांगतं आणि त्या रात्रभर जाग्या. ईसीजी नॉर्मल आला, धास्ती काही गेली नाही. म्हणून मी आकडेमोड यांच्या बाजूने. वेडीवाकडी नाडी म्हणजे नुसता एखादा जादा ठोकाही असू शकतो ना?

ओपीडीवाला
असतोच. नाडी फक्त संशय देते, निदान ईसीजीवर. घड्याळाचंही तेच. पण ताई, खरंच बिघडलेली नाडी हाताला लागली तर ती सोडून द्यायची का?

आकडेमोड
तक्रार असेल तिची बघाच, त्याला कोण नाही म्हणतंय. सरसकट रांग लावायला विरोध आहे. आणि लावायचीच असेल तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात "हे निदान नाही" छापा.

पर्वतीपायथा
तक्रार सांगायचीच नाही अशी सवय लागलेल्या बायकांचं काय करायचं, त्याला उत्तर आलंच नाही. रांग लागणार. चिठ्ठी छापते, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या न कापता सोबत आणा असंही टाकते. डॉक्टर, इकोची सोय कुठे बघावी?

ओपीडीवाला
ससूनच्या ओपीडीत चौकशी करा. तारीख कळवा, मी सकाळी येईन.